मेलेल्या जंतूचा ताप



१८९७ च्या जानेवारी महिन्यात, १० तारखेला, मुंबईत वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने स्वतः तयार केलेली प्लेगची लस स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. मात्रा जाणूनबुजून मोठी घेतली होती. लशीत प्लेगचे जंतू होते खरे, पण ते उष्णता देऊन मारलेले. त्यांतला एकही जिवंत नव्हता. तरीही हाफकिनला ताप भरला आणि टोचलेली जागा सुजून ठणकू लागली. पुढे ज्या लाखो लोकांनी ही लस घेतली त्यांचाही अनुभव थोड्याफार फरकाने असाच होता. टोचून घेतले की ताप येतो हे लोक डोळ्यांनी पाहत होते, आणि टोचणीविषयीच्या भीतीला या तापाने खतपाणीच घातले.

आता प्रश्न असा, की मेलेला जंतू वाढत नाही, पसरत नाही, कोणाला चावत नाही. मग हा ताप कोणाचा? त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न ठेवतो, तो अधिक अवघड आहे. प्लेगचा जिवंत जंतू पिसवेच्या दंशातून अंगात शिरतो, तेव्हा पहिले काही दिवस माणसाला काहीच होत नाही. तो जेवतो, बाजारात जातो, झोपतो. आणि मग एके दिवशी एकदम थंडी वाजून ताप चढतो, जांघेत किंवा काखेत गाठ येते, आणि पूर्वीच्या काळी निम्म्याहून अधिक रोगी काही दिवसांतच दगावत. म्हणजे मेलेल्या जंतूसाठी शरीर लगेच आरडाओरडा करते आणि जिवंत जंतू घरात शिरून संसार थाटतो तोवर गप्प बसते! या उलट्या न्यायाचे उत्तर गेल्या तीसेक वर्षांत हळूहळू हाती आले, आणि त्या उत्तरासाठीच आजचे व्याख्यान आहे.

प्लेग हा आपल्याला परका विषय नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो प्रथम ओळखला, आणि पाहता पाहता तो रेल्वेच्या रुळांवरून घाट चढून वर आला. वृत्तपत्रांनी त्याला ग्रंथिक सन्निपात म्हटले, वैद्यांनी जुन्या ग्रंथांतली अग्निरोहिणी ती हीच असे सांगितले. पुण्याजवळ आजाऱ्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगानेच गेल्या. आपल्या शेजारच्या भगूर गावात १८९९ साली सावरकरांच्या घरी वडील दामोदरपंत प्लेगाला बळी पडले. त्यांचे पुत्र बाबाराव आणि धाकटे नारायणराव यांनाही प्लेगाने गाठले, पण ते दोघे वाचले. एकच घर, एकच रोग. एक गेला, दोघे राहिले. असे हजारो घरांत झाले. उंदीर पडला की गाव सोडून शेतात झोपड्या बांधायच्या, हे दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडले होते. सारा हिंदुस्थान धरला तर या साथींत एक कोटीहून अधिक माणसे गेली.

हाफकिन ओडेसा येथे ज्यांचा विद्यार्थी होता ते इल्या मेचनिकॉफ हे आपल्या विषयाचे मूळपुरुष. मेचनिकॉफने १८८२ साली सिसिली बेटावर मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत एक काटा खुपसला आणि काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा होताना सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. त्यावरून त्याने अनुमान काढले, की सूज, लाली, उष्णता आणि ठणका यांना आपण रोग समजतो, पण हे सारे शरीराने स्वतः उभे केलेले लढ्याचे काम आहे. वैद्यकात याला दाह किंवा शोथ म्हणतात. आपण आज दाह हाच शब्द वापरू. या कल्पनेची त्या वेळी पुष्कळ टवाळी झाली. १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा ती थांबली.

दुसरे नाव रिचर्ड फायफर यांचे. कॉखच्या या शिष्याने १८९२ साली दाखवले, की पटकीचे मेलेले जंतूही प्राण्याला मारू शकतात. म्हणजे जंतूच्या अंगातच, त्याच्या देहाचा भाग म्हणून, एक विष असते. त्याला त्याने अंतर्विष म्हटले. हाच फायफर १८९७ साली जर्मन प्लेग कमिशनाबरोबर मुंबईस आला होता. एकाच वर्षी एकाच शहरात एक मनुष्य मेलेल्या जंतूंची लस टोचत होता आणि दुसरा मेलेल्या जंतूंतले विष जाणत होता. पण शरीर ते विष ओळखते कसे, हे त्या दोघांपैकी कोणालाच सांगता आले नसते. त्यासाठी आणखी शंभर वर्षे जावी लागली.

अंतर्विष हे नाव थोडे फसवे आहे, हे येथेच सांगून ठेवतो. हा पदार्थ म्हणजे जंतूच्या बाहेरच्या आवरणाचा एक घटक. साखरेच्या लांब साखळीला खाली मेदाच्या शेपट्या जोडलेल्या, असे त्याचे रूप. पटकी, विषमज्वर, प्लेग अशा पुष्कळ रोगांच्या जंतूंच्या अंगावर तो असतो. तो उकळूनही सहजासहजी नष्ट होत नाही. हाफकिन आपली लस साठ-सत्तर अंशांवर तापवी, तेवढ्याने त्याला काहीच होत नाही. आणि तो स्वतः फारसे काही करीतही नाही. तो नुसता ओळखला जातो. जे काही होते ते ओळखल्यानंतर आपल्याच पेशी करतात.

याचा पुरावा उंदरांनी दिला. प्रयोगशाळेतला उंदरांचा एक वंश असा होता, की त्याला अंतर्विष कितीही टोचा, ढिम्म हालत नसे. वाटेल, किती भाग्यवान उंदीर! पण त्याच उंदरांच्या अंगात विषमज्वराच्या जातकुळीतले जिवंत जंतू घातले, तर इतर उंदीर तग धरतात तिथे हे चटकन मरत. १९९८ साली अमेरिकेत ब्रूस बॉयटलर यांनी या उंदरांतला दोष नेमका कोठे आहे ते शोधून काढले. पेशीच्या पृष्ठभागावरचा एक प्रथिन-रेणू त्यांच्यात बिघडलेला होता. त्याचे नाव टोल-४. हे टोल नाव आले फळमाशीवरून. फळमाशीच्या अंगातील टोल नावाचा रेणू तिला बुरशीपासून वाचवतो, हे झ्यूल हॉफमन यांच्या फ्रान्समधल्या प्रयोगशाळेने १९९६ साली दाखवले होते. या दोघांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले, राल्फ स्टाइनमन यांच्यासह. चार्ल्स जेनवे यांनी तर, उपजत ओळखीचे असे रेणू असलेच पाहिजेत, हे १९८९ सालीच नुसत्या तर्काने मांडले होते. ते २००३ साली वारले. या यादीत त्यांचे नाव नाही याची हळहळ मला एकट्यालाच वाटते असे नाही.

अशा रेणूंना आपण ग्राही म्हणू. देवीची लस घेतल्यावर किंवा गोवर होऊन गेल्यावर शरीर जे शिकते ती प्रतिकारशक्ती वेगळी. तिला शिकायला आठवडा-दोन आठवडे लागतात. ग्राहींची ओळख उपजत असते. मूल जन्मते ते ही ओळख घेऊनच. माणसात टोल कुळातले दहा ग्राही आहेत. काही पेशीच्या बाहेरच्या अंगावर राहून जंतूच्या आवरणाचे तुकडे ओळखतात. काही पेशीने गिळलेल्या पदार्थांच्या थैल्यांत राहून विषाणूंचे न्यूक्लिक आम्ल ओळखतात. याखेरीज पेशीच्या आतल्या रसात पहारा करणारे ग्राही निराळ्या कुळांतले आहेत; त्यांच्याकडे येऊच.

येथे मुख्य मुद्दा येतो. ग्राही एकटा काही ठरवीत नाही. आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जंतू राहतात, त्यांतले कित्येक रोज मरतात आणि त्यांचे अंतर्विष तिथे सांडलेलेच असते. एका रेणूने एकदा ओरडावे आणि सगळ्या शरीराने पेटून उठावे, अशी व्यवस्था असती तर आपण जेवणागणिक तापाने फणफणलो असतो. मग शरीर करते काय? जे गंगेकाठचे नाशिककर पावसाळ्यात करतात तेच. दुतोंड्या मारुतीच्या पायांना पाणी लागले म्हणून सराफ बाजारातला कोणी दुकान रिकामे करीत नाही. पाणी कमरेला आले की तो माल वरच्या फळीवर चढवतो. आणि तेवढ्यात गंगापूर धरणातून आणखी पाणी सोडल्याची खबर आली, की मात्र तो क्षणभरही थांबत नाही. पाणी किती चढले ही एक खूण, वरून किती येणार ही दुसरी. दोन्ही जुळल्यावर निर्णय. पेशीचा कारभार पायरीपायरीने असाच चालतो.

पहिली पायरी टोल-४ च्या उंबरठ्यावरच आहे. रक्तातले एक प्रथिन अंतर्विषाचा रेणू जंतूच्या आवरणातून उचलते आणि पेशीवरच्या सीडी-१४ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या हाती देते. तो तो एमडी-२ नावाच्या तिसऱ्याच्या ओंजळीत ठेवतो. ही ओंजळ टोल-४ ला चिकटलेली असते. अंतर्विषाला सहा शेपट्या असतील तर पाच ओंजळीत बुडतात आणि सहावी काठावर बाहेर राहते. ही बाहेर राहिलेली सहावी शेपटी शेजारच्या दुसऱ्या टोल-४ ला धरते, आणि दोन टोल-४ एकमेकांस जखडले जातात. जोडी जमली तरच पेशीच्या आत निरोप जातो, एरवी नाही. ही रचना २००९ साली स्फटिकांच्या अभ्यासातून अणूअणूनिशी दिसली. टोल-२ नावाच्या ग्राहीलाही जोडीदार लागतो. कधी टोल-१, कधी टोल-६, आणि जोडीदार बदलला की काय ओळखायचे तेही बदलते.

आता प्लेगकडे परत चला. पिसवेच्या अंगात उष्णता कमी, पंचवीस अंशांच्या आसपास. तिथे प्लेगचा जंतू आपले अंतर्विष सहा शेपट्यांचे बनवतो. तोच जंतू माणसाच्या ३७ अंशांच्या उबेत आला, की नव्याने बनणारे अंतर्विष मुख्यतः चार शेपट्यांचे असते. चार शेपट्या ओंजळीत सामावून जातात. बाहेर उरत काही नाही. जोडी जमत नाही. इतकेच नव्हे, चुकीची किल्ली कुलपात अडकून बसावी तसा हा रेणू माणसाच्या ग्राहीत बसून राहतो आणि खऱ्या किल्लीलाही अडवतो. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे. जंतू आला आहे, वाढतो आहे, आणि पहारेकऱ्याला तो दिसत नाही.

हे केवळ अनुमान राहिले नाही. २००६ साली शास्त्रज्ञांनी प्लेगच्या जंतूत त्याच्याजवळ नसलेले एक जनुक आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जंतूकडून घेऊन बसवले, त्यामुळे तो ३७ अंशांवरही सहा शेपट्यांचे अंतर्विष बनवू लागला. बाकी सारी आयुधे त्याच्याजवळ तशीच होती. पण या जंतूने उंदीर मेले नाहीत. उलट पुढे खऱ्या प्लेगपासून ते वाचले. ज्या उंदरांत टोल-४ च नव्हता, त्यांना मात्र हा बदललेला जंतूही मारू शकला. एवढ्या मोठ्या महामारीचे यश दोन शेपट्या लपवण्यावर अवलंबून होते, हे वाचले तेव्हा मी थक्क झालो होतो.

आणि हाफकिनचा ताप? हाफकिन आपला जंतू मांसाच्या रश्श्यात, वर तुपाचे थेंब सोडून, मुंबईच्या हवेतल्या उष्णतेवर आठवडेच्या आठवडे वाढवी. तुपाच्या थेंबांना लटकून जंतूंचे झुंबरांसारखे लोंबते झुपके तयार होत, ते हलवून खाली पाडायचे की नवे लोंबू लागत. ३७ अंशांहून कमी उष्णतेवर वाढलेला जंतू म्हणजे सहा शेपट्यांचा जंतू. तेव्हा त्या लशीने जो ताप आणि जी सूज येई तिच्यात या सहाव्या शेपटीचा वाटा मोठा असावा, असे मला वाटते. त्या वेळच्या बाटल्या तपासून कोणी हे सिद्ध केलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. १९३० नंतरच्या काळात, हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालक साहिबसिंग सोखी यांनी जंतू ३७ अंशांवर वाढवून अधिक गुणकारी लस केली, कारण त्या उष्णतेवरच जंतूभोवती एक वेगळे वेष्टन येते आणि ते वेष्टन ओळखणे संरक्षणास उपयोगी पडते. परळच्या त्या जुन्या राजभवनात उष्णतेच्या दहा अंशांचा हा खेळ असा दोन तऱ्हांनी खेळला गेला.

दुसरी पायरी पेशीच्या आत आहे. टोल-४ ची जोडी जमली, की आतल्या बाजूला काही प्रथिने एकत्र येतात आणि निरोप साखळीने केंद्रकाकडे निघतो. एनएफ-कप्पा-बी नावाचे एक प्रथिन एरवी बेडी घालून बसवलेले असते. ती बेडी तुटते, ते केंद्रकात शिरते आणि दाहाची जनुके चालू करते. मग टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ असे निरोप्ये रेणू बाहेर पडतात, रक्तवाहिन्या सैल होतात, पांढऱ्या पेशी धावत येतात, मेंदूतल्या उष्णतेच्या केंद्रापर्यंत बातमी जाऊन ताप चढतो. पण यांतल्या सर्वांत जहाल निरोप्याच्या, इंटरल्यूकिन-१ च्या, बाबतीत पेशी फार सावध असते. त्याला ती बोथट रूपात तयार करून ठेवते. धार लावण्याचे काम टोलकडे दिलेलेच नाही. ते पेशीरसातल्या निराळ्या ग्राहींकडे आहे.

हे ग्राही जंतूपेक्षा मोडतोड ओळखतात. पेशीच्या पडद्याला भोक पडून आतले पोटॅशियम बाहेर गळू लागले, गिळलेल्या स्फटिकाने आतली थैली फाटली, जंतूचा तुकडा बाहेर असायचा तो आत सापडला, की हे ग्राही एकमेकांत गुंफून एक चाकासारखी रचना उभी करतात. युर्ग चॉप यांच्या स्वित्झर्लंडमधल्या गटाने २००२ साली तिला इन्फ्लमासोम हे नाव दिले. ही रचना एका कात्रीला जागी करते. कात्री इंटरल्यूकिन-१ ला धार लावते आणि शिवाय पेशीच्या पडद्याला भोके पाडणारे एक प्रथिन मोकळे करते. पेशी फुटते आणि फुटताना सगळ्या शेजाऱ्यांना जागे करते. म्हणजे टोलने सांगायचे, ‘जंतू आहे’. आतल्या ग्राहीने सांगायचे, ‘आणि तो नुकसान करतो आहे’. पंचनाम्यावर दोन सह्या पडल्याखेरीज खटला उभा राहत नाही. ज्यांना वातरक्ताचा म्हणजे गाउटचा त्रास आहे त्यांनी हा दुसरा ग्राही पायाच्या अंगठ्यात अनुभवला आहे; तिथे युरिक आम्लाचे स्फटिक त्याला चेतवतात.

प्लेगच्या जंतूला ही दुसरी सहीही टाळायची असते, आणि येथे त्याची कथा एखाद्या हेरकथेसारखी होते. हा जंतू आपल्या भक्षक पेशीला चिकटतो आणि सुईसारख्या नळीतून तिच्या आत आपली प्रथिने टोचतो. टोचण्याची कला हाफकिनच्या आधी त्यालाच साधली होती म्हणायची! टोचलेल्यांपैकी काही प्रथिने पेशीचे हातपाय बांधतात, म्हणजे तिला गिळता येत नाही. पण पेशीत पायरिन नावाचा एक ग्राही आहे. ग्रीक भाषेत पायर म्हणजे अग्नी. तो जंतूकडे पाहतच नाही. तो फक्त पाहतो, की पेशीचे हातपाय चालवणारी यंत्रणा कोणी बंद पाडली आहे काय? पाडली असेल, तर तो इन्फ्लमासोम उभारतो. यावर जंतूचा तोडगा असा, की तो योप-एम नावाचे आणखी एक प्रथिन खास पायरिनला गप्प बसवण्यासाठी टोचतो. भूमध्य समुद्राकाठच्या ज्यू, आर्मेनियन, तुर्क, अरब लोकांत पायरिनचे काही बदललेले नमुने आढळतात. ते वाजवीपेक्षा चटकन पेटतात आणि दोन्ही पालकांकडून आले तर वारंवार ताप येण्याचा आनुवंशिक रोग होतो. २०२० साली असे दिसून आले, की योप-एमला हे नमुने सहज वश होत नाहीत. प्लेगच्या जुन्या साथींत ज्यांच्या अंगी ते होते ते अधिक तगले असावेत, आणि त्यांच्या वंशजांना तापाचा वारसा मिळाला असावा, असा तर्क शास्त्रज्ञांनी केला आहे.

योप-जे नावाचे प्रथिन तर टोलचा निरोप नेणारी तारच तोडते. पण पेशी इतकी भोळी नाही. टोलने निरोप दिला आणि वाटेत तार तुटलेली आढळली, तर ‘तार तुटली’ हीच बातमी समजून पेशी स्वतःला संपवते, आणि फुटून शेजाऱ्यांना सावध करते. २०१८ साली हे उलगडले. चोराने टेलिफोन तोडला यावरूनच चोर आल्याचे कळावे, अशातला हा प्रकार आहे.

एवढ्या साऱ्या पहाऱ्यातून प्लेगचा जंतू निसटतो कारण तो प्रत्येक पायरीवर थोडे थोडे मौन विकत घेतो. उंदरांच्या फुफ्फुसातल्या प्लेगात पहिले सुमारे दीड दिवस दाहाची खूणही दिसत नाही, जंतू मात्र भराभर वाढत असतात. मग त्यांची संख्या इतकी होते, की मौन टिकू शकत नाही. सगळे ग्राही एकदमच जागे होतात, आणि जो दाह पहिल्या दिवशी ठिणगीएवढा हवा होता तो वणव्यासारखा पेटतो. फुफ्फुसे पाण्याने भरतात, रक्तदाब कोसळतो. जंतूने जितके मारले नसते तितके हा उशिरा आलेला दाह मारतो. म्हणूनच फुफ्फुसाच्या प्लेगात लक्षणे दिसल्यापासून पहिल्या चोवीस तासांत औषध मिळणे हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठींचा ताप आणि पाठोपाठ सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग आला, तेव्हा धावपळ झाली ती यासाठी. त्या वेळी हाती प्रतिजैविके होती. हाफकिनच्या काळी नव्हती.

आग लावण्याची व्यवस्था सांगितली, विझवण्याची थोडक्यात सांगतो. एनएफ-कप्पा-बी केंद्रकात जाऊन जी जनुके चालू करते त्यांत स्वतःची बेडी बनवणारे जनुकही असते; तासाभरात नवी बेडी तयार होऊन ते पुन्हा बंदिवान होते. ए-२० नावाचे प्रथिन निरोपाची साखळी मधेच सोडवते. इंटरल्यूकिन-१० हा निरोप्या इतरांना शांत करतो. आणि एकदा अंतर्विषाचा मारा सोसलेली भक्षक पेशी काही काळ दुसऱ्या माऱ्याला फारशी दाद देत नाही. मारुतीच्या गळ्यापर्यंत पाणी चढले, तरी ते उतरण्याची वाटही नदीने ठेवलेली असते.

यावरून कोणाला वाटेल, की मग टोल-४ लाच कुलूप घालणारे औषध काढावे, म्हणजे जंतूदोषाच्या वणव्यात रोगी वाचेल. शास्त्रज्ञांनाही तसेच वाटले. असे एक औषध निघाले, सुमारे दोन हजार अत्यवस्थ रोग्यांवर त्याची कसोटी झाली आणि २०१३ साली निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत. मला यात नवल वाटत नाही. रोगी अत्यवस्थ होऊन दवाखान्यात येतो तोवर साक्ष एका ग्राहीची उरलेलीच नसते. आतले, बाहेरचे, सगळे बोलून चुकलेले असतात. याउलट करोनाच्या साथीत २०२० च्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला, तो पाहा. डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त, सगळाच दाह दाबणारे औषध. ज्यांना प्राणवायू लावावा लागला होता त्यांच्यात त्याने मृत्यू कमी केले. ज्यांना प्राणवायूची गरज पडली नव्हती त्यांना त्याचा फायदा दिसला नाही, उलट नुकसानाची शंका आली. औषध तेच, रोग तोच. पण आधी दाह उपयोगाचा होता, नंतर नव्हता. २०२१ च्या उन्हाळ्यात ओळखीपाळखीने, चिठ्ठीशिवाय, ताप आल्याच्या पहिल्याच दिवशी या गोळ्या घेणारे लोक सगळीकडे होते. त्यांनी हा निकाल वाचला असता तर बरे झाले असते.

आता हाफकिनच्या तापाचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. लस गुणकारी व्हावी तर ग्राहींना जागे केलेच पाहिजे. ते जागे झाल्याशिवाय शिकणारी प्रतिकारशक्ती धड्याकडे लक्षच देत नाही. पण जागे किती करायचे? यावर एक तोडगा निघाला तो अंतर्विषाला रासायनिक कात्री लावण्याचा. त्याचा एक फॉस्फेट काढून टाकला, की टोल-४ जागा होतो, पण वणवा पेटत नाही. हा सौम्य केलेला पदार्थ आज नागिणीच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या काही लशींत मिसळलेला असतो. दुसरा तोडगा आपल्या ओळखीचा आहे. करोनाचा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत वेगळा काढून, वाढवून दिला गेला, आणि त्यापासून हैदराबादेत कोव्हॅक्सिन लस तयार झाली. तिच्यातला विषाणू हाफकिनच्या जंतूसारखाच पूर्ण मेलेला आहे. त्याच्या जोडीला तुरटीच्या जातीच्या ॲल्युमिनियम क्षाराच्या कणांवर एक लहानसा रेणू बसवलेला असतो. तो टोल-७ आणि टोल-८ यांना चेतवतो. कणांना चिकटून असल्यामुळे तो रक्तात सगळीकडे पसरत नाही, दंडाजवळच्या लसीका ग्रंथींत जाऊन तिथेच आपले काम करतो. या पटांगणात बसलेल्यांपैकी ज्यांनी २०२१ साली ती लस घेतली, त्यांच्या दंडाला दुसऱ्या दिवशी थोडी सूज आणि अंगात कणकण आली असेल, ती याच दोन ग्राहींनी दिलेल्या हाकेची.